रवा, सोडा, उकळतं पाणी आणि टेक्ससची फायर अँट

प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनच्या बाहेर पाव एकराची जागा, मागच्या अंगणात फायर अँट या झोंबणारा डंख मारणाऱ्या मुंगीची सात-आठ वारुळं. रवा टाकून झाला, बेकिंग सोड्यावर व्हिनेगर ओतून झालं, दोनदा उकळतं पाणीही ओतलं. दोन दिवस सामसूम, आणि मग चार फुटांवर नवा ढिगारा. घरात पाच वर्षांचा मुलगा, एक कुत्रा, कुंपणालगत भेंडी-मेथीचे वाफे, त्यामुळे केमिकल नको आहे. आणखी कुठला घरगुती उपाय चालेल?

कुठलाच नाही. उकळतं पाणी अर्धंमुर्धं चालतं, त्याबद्दल पुढे सांगतो. बाकीचे उपाय वरवर वेगवेगळे दिसले तरी एकाच जागी अडतात: राणीपर्यंत पोचत नाहीत.

हिरवळीवर दिसणारा भुसभुशीत मातीचा उंचवटा ही त्या घराची ऊन खायची गच्ची आहे. थंड सकाळी सूर्याने तो तापला की कामकरी मुंग्या अंडी-अळ्या वर आणून ठेवतात. दुपारी ऊन चढलं किंवा माती कोरडी पडली की सगळा संसार खाली जातो, काही फूट खोल. बाजूने जमिनीलगत बोगदे निघतात आणि अन्न शोधणाऱ्या मुंग्या त्यांतून कित्येक फूट लांब जाऊन बाहेर पडतात. म्हणूनच या वारुळाला माथ्यावर भोक दिसत नाही, आणि हीच त्याची ओळख. भरलेल्या वसाहतीत दोन लाखांच्या आसपास मुंग्या असू शकतात. राणी दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते, भरात असली तर हजाराच्या घरात. ढिगाऱ्यातल्या दहा-वीस हजार मुंग्या मारल्यात तर काही आठवड्यांत ती भर निघते. शिवाय टेक्ससमध्ये अनेक राण्यांच्या वसाहतीही भरपूर आहेत. एका एकरात दोनशेहून जास्त वारुळं दिसतात ती त्यांची. तिथे एक राणी मेली तरी काही बिघडत नाही.

आणि वारुळाला धक्का लागला की पहिली हालचाल राणीला हलवण्याची होते. काठीने ढोसलं, फावड्याने उकरलं, वरून काही ओतलं, की कामकरी मुंग्या तिला खाली नेतात आणि एक-दोन दिवसांत सगळं बिऱ्हाड शेजारी मांडतात. तुमचा चार फुटांवरचा ढिगारा तो हाच. कधी एकाच्या जागी तीन लहान ढिगारे उगवतात, म्हणजे वसाहत फुटली. एक वारूळ उकरून दुसऱ्यावर टाकायचं, मग त्या आपसात लढून मरतात, असंही सांगितलं जातं. अनेक राण्यांच्या वसाहती एकमेकींशी फारशा लढतच नाहीत. फावडं धरणाऱ्याचे पाय मात्र सुजतात.

आता रवा. अमेरिकेच्या दक्षिणेत हा उपाय ‘ग्रिट्स’चा, म्हणजे मक्याच्या जाड रव्याचा आहे. आपल्याकडे तो गव्हाच्या रव्यावर आला, कोणी तांदळाच्या कणीवर नेला. कल्पना अशी की मुंगी कोरडा दाणा खाते, वर पाणी पिते, दाणा पोटात फुगतो आणि ती फुटते. प्रौढ कामकरी मुंगी घन पदार्थ गिळूच शकत नाही. तिच्या तोंडात गाळणी असते, अगदी सूक्ष्म कणसुद्धा अडकून राहतात आणि पोटात फक्त द्रव जातो. मग ती दाणे उचलून नेते कशाला? मोठ्या अळ्यांसाठी. शेवटच्या टप्प्यातल्या अळीपुढे घन अन्न ठेवलं जातं, ती पाचक रस सोडून त्याचा द्रव करते, कामकरी मुंग्या तो पितात आणि तोंडातून तोंडात वाटत राणीपर्यंत पोचवतात. थोडक्यात, तुम्ही वारुळाला शिधा दिलात. पीठ-साखर घालणाऱ्या आजीने पुण्य म्हणून केलं असतं ते तुम्ही मारायला म्हणून केलंत, एवढाच फरक.

गंमत अशी की दुकानात मिळणारं फायर अँटचं आमिष बहुतेक वेळा मक्याच्या रव्याचंच असतं. तेल काढून टाकलेला मक्याचा दाणा घेतात, तो सोयाबीन तेलात भिजवतात आणि त्या तेलात औषध विरघळवलेलं असतं. दाणा फक्त वाहक. मुंगी तेल चोखते, घरी नेते, वाटते. औषध मुद्दाम सावकाश मारणारं निवडलेलं असतं, कारण चोखणारी वाटेतच मेली तर वाटणार कोण? रव्याचा उपाय नेमका या टप्प्यावर फसतो: दाणा आहे, पण त्यात राणीपर्यंत जाईल असं काही नाही.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे खारट पाणी उरतं. वायूने मुंग्या गुदमरतील म्हणून सोडा वॉटर ओततात, त्याचंही तेच. माती सच्छिद्र असते, वायू काही फूट खाली साठून राहत नाही. हळद, हिंग, दालचिनी, कॉफीचा चोथा यांनी मुंग्यांची वाट थोडा वेळ बदलते, बस. मिठाने मुंगी राहते आणि हिरवळ जाते, आणि त्या जागी पुढचे कित्येक महिने काही नीट उगवत नाही. भांड्यांच्या साबणाचं पाणी अंगावर पडलेली मुंगी मरते, खालची नाही.

उकळत्या पाण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तो या यादीतला एकमेव उपाय आहे ज्याने काही वेळा वसाहत खरंच मरते. एका वारुळाला साधारण तीन गॅलन, म्हणजे अकरा लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि तरीही यश दहापैकी सहा वेळा मिळतं असं धरून चाला. स्वयंपाकघरातलं एक पातेलं म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. वेळही महत्त्वाची: रात्र थंड गेलेली, सकाळी ऊन आलेलं, राणी आणि अळ्या वर आलेल्या. जुलैच्या दुपारी ओतलंत तर पाणी तापलेल्या मातीत जिरतं आणि राणी खाली सुरक्षित असते. पाणी पडतं तिथलं गवत आणि रोपांची मुळं शिजतात, तेव्हा वाफ्याजवळ हा प्रयोग नको. खरा धोका वेगळाच आहे. अकरा लिटर उकळतं पाणी घेऊन दारातून, पायऱ्यांवरून, कुत्रा पायात घोटाळत असताना चालायचं, आणि ओतताना मुंग्या पायावर चढल्या की माणूस दचकून उडी मारतो. भाजण्याचे प्रकार तिथेच होतात.

पेट्रोलचा उपाय टेक्ससमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितला जातो, आपल्याकडच्या रॉकेलसारखा. त्याने वरच्या मुंग्या मरतात, कधी खालच्याही. पण तेवढ्या जागेचं गवत बराच काळ जातं, माती आणि खालचं पाणी खराब होतं, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. गॅरेजमधल्या गॅसच्या वॉटर हीटरची ज्योत तिला पुरते. काडी लावायचीही गरज नाही. हे करायचंच नाही, यात कमी-जास्त काही नाही.

ब्लीच आणि अमोनियाचं तसंच. एकेकटे ते मुंग्यांपेक्षा मातीला जास्त मारतात. एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळलं की क्लोरीन. कोणी मुद्दाम मिसळत नाही. काल एकाने व्हिनेगर ओतलेलं असतं, आज दुसरा त्याच ढिगाऱ्यावर वाकून ब्लीच ओततो. घरात दोघं जण वेगवेगळ्या ठिकाणी वाचून उपाय करत असतील तर हे सहज होतं.

बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड साखरेच्या पाकात मिसळून ठेवणं तत्त्वतः बरोबर आहे, कारण ते आमिष आहे. प्रमाणात मात्र घोळ होतो. मुंग्या पितील आणि वाटतील असं द्रावण एक टक्क्याच्या आसपास बोरिक ॲसिडचं असावं लागतं, म्हणजे शंभर मिलिलिटर साखरपाण्यात एक ग्रॅम. घरी अंदाजाने चमचा-दोन चमचे पडतात. मग मुंग्या तोंड लावत नाहीत, किंवा लावतात आणि वाटण्याआधीच मरतात. बरोबर प्रमाणातही आठवडेच्या आठवडे रोज ताजं द्रावण ठेवावं लागतं, आणि मोठ्या वसाहतीला ते पुरत नाही. शिवाय उघड्या झाकणातलं गोड पाणी पाच वर्षांच्या मुलालाही गोडच लागतं. बोरॉन मातीत साठलं की भेंडीची पानं कडेने करपतात.

डायटोमेशियस अर्थ, म्हणजे ती पांढरी भुकटी, कोरडी असेतोवर अंगाला लागलेल्या मुंग्यांना मारते. ह्यूस्टनच्या दमट हवेत आणि स्प्रिंकलरखाली ती कोरडी किती राहणार? राणी काही त्यातून चालत जात नाही. आणि उधळताना ती फुप्फुसात जाते. भारतातून बॅगेत आणलेला मुंग्यांचा खडू हा तर घरगुती उपाय नव्हेच. ते कीटकनाशक आहे, अमेरिकेत त्याची नोंदणी नाही, विकणं बेकायदा आहे, आणि मुलाच्या हाती लागला तर तो त्याने फरशीवर चित्रं काढील.

मग इतके लोक ‘आमच्याकडे चाललं’ का म्हणतात? जूनमध्ये कोणीतरी दालचिनी टाकतो. जुलैत पाऊस थांबतो, जमीन तापते, मुंग्या खोल जातात, ढिगारे सपाट होतात. श्रेय दालचिनीला. सप्टेंबरच्या पावसानंतर ढिगारे परत येतात तेव्हा त्या ‘नव्या मुंग्या’ ठरतात. कुठल्याही उपायाचा खरा निकाल पाहायचा असेल तर दहा दिवसांनी बूट घालून लांब काठीने वारूळ हलकेच टोचा आणि लगेच मागे सरा. अर्ध्या मिनिटात मुंग्या उसळून आल्या तर वसाहत जिवंत आहे. आल्या नाहीत तर चहूबाजूंनी पंधरा फूट फिरून नवी भुसभुशीत माती शोधा. ती सापडली तर मुंग्या मेल्या नाहीत, बदली झाली.

आता तुमच्या ‘केमिकल नको’बद्दल. ही भीती हवेतून आलेली नाही. ही मुंगी दक्षिण अमेरिकेतली, १९३०च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून आली. १९५७ पासून अमेरिकी सरकारने तिला संपवायला हेप्टाक्लोर आणि डायल्ड्रिन ही कीटकनाशकं विमानांतून लाखो एकरांवर टाकली. पक्षी मेले, गुरं दगावली, फायर अँट राहिली. त्यानंतरचं मायरेक्सही १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंद करावं लागलं. त्यातला एक धडा आजही अंगणात लागू आहे: सगळ्याच मुंग्या मारल्या की सर्वांत आधी परत येते ती फायर अँट. पावसानंतर नव्या राण्या आकाशातून उतरतात. तिथे स्थानिक मुंग्या असतील तर त्यांतल्या पुष्कळशा खाल्ल्या जातात. म्हणून सरसकट फवारणी मीही सुचवणार नाही.

आमिषाचं गणित बघा. बहुतेक आमिषांचं प्रमाण एकराला एक ते दीड पौंड. पाव एकराला जास्तीत जास्त सहा औंस, म्हणजे १७० ग्रॅम, घर आणि ड्राइव्हवे वजा केले तर त्याहून कमी. इंडोक्साकार्ब या कीटकनाशकाच्या आमिषात औषध ०.०४५ टक्के असतं. म्हणजे पूर्ण पाव एकरावर औषध पडतं एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. ते ब्लीचच्या एका बाटलीशेजारी ठेवा आणि ‘केमिकल’ कोण वापरतंय ते ठरवा.

पद्धत दोन टप्प्यांची आहे, टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा वर्षानुवर्षं हीच सांगते. पहिला टप्पा: वारुळं मोजत न बसता सगळ्या अंगणात आमिष विरळ पसरायचं. वर्षातून दोनदा, वसंतात एप्रिल-मे आणि शरदात सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या दिवशी आधी चाचणी करा. वारुळापासून दोन-तीन फुटांवर बटाट्याचा एक वेफर ठेवा. वीस-तीस मिनिटांत त्यावर मुंग्या जमल्या तर त्या अन्न शोधत फिरताहेत, आमिष टाका. नाही जमल्या तर तो दिवस सोडा. तापमान ७० ते ९० अंश फॅरनहाइट असावं, उन्हाळ्यात म्हणजे संध्याकाळ. गवत कोरडं हवं, पुढचे २४ तास पाऊस नको आणि स्प्रिंकलर बंद. ओलं झालेलं आमिष मुंगी उचलत नाही. हातात धरून फिरवायचा छोटा स्प्रेडर घ्या, त्याचं तोंड सर्वांत लहान ठेवा आणि जागेवर एकदा उभ्या, एकदा आडव्या फेऱ्या मारा. चौरस फुटाला मोजकेच दाणे पडतील आणि कमी पडलं असं वाटेल, पण ते बरोबर आहे. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. फुटकळ विक्रीच्या काही पाकिटांचं असतं, आणि लेबल हा तिथे कायदाच आहे.

लोक इथे ठरावीक चुका करतात. आमिष ढिगाऱ्याच्या माथ्यावर ओततात. मुंग्या माथ्यावरून येत-जात नाहीत, त्या बोगद्यांतून लांब बाहेर पडतात, आणि माथ्यावरचा खच बघून उलट बिथरतात. खतात मिसळून टाकतात, मग स्प्रेडर खताच्या प्रमाणाने सुटतो आणि आमिषाला खताचा वास लागतो. दोन वर्षांपूर्वी फोडलेलं पाकीट वापरतात. तेल खवट झालेलं असतं, मुंगी वळूनही पाहत नाही. किंवा घाई करतात: सकाळी आमिष, दुपारी वारुळावर फवारा. मग वाटणाऱ्याच मेल्या.

औषधानुसार धीर धरावा लागतो. इंडोक्साकार्ब साधारण तीन ते दहा दिवसांत काम करतं. हायड्रामेथिलनॉनला दोन-तीन आठवडे लागतात. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही कीटकांच्या वाढीत अडथळा आणणारी औषधं. ती कुणाला मारत नाहीत, राणीकडून नव्या कामकरी मुंग्या तयार होणं थांबतं, आणि वसाहत म्हातारी होऊन संपायला काही महिने जातात. परिणाम मात्र जास्त टिकतो.

दुसरा टप्पा आमिषानंतर आठवडाभराने, आणि फक्त त्रासाच्या वारुळांसाठी: झोपाळ्याजवळचं, दारातलं, कुत्र्याच्या घराशेजारचं. त्यासाठी पाण्यात मिसळून ओतायचं कीटकनाशकाचं द्रावण, वारुळाला एक ते दोन गॅलन. आधी भोवतीचं फूटभर वर्तुळ भिजवा, मग संथ धारेने मधोमध, ढिगारा न ढोसता. नैसर्गिकच हवं असेल तर इथे संत्र्याच्या सालीच्या तेलाची, डी-लिमोनीनची, नोंदणीकृत द्रावणं मिळतात. तीही पाणी पोचेल तिथवरच मारतात, म्हणून पहिल्या टप्प्याऐवजी नाही, त्यानंतर.

भेंडी-मेथीच्या वाफ्यात जाणारं काहीही लेबलवर ‘भाजीपाल्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. स्पिनोसॅड या औषधाची काही आमिषं तशी मिळतात, सेंद्रिय शेतीलाही चालणारी. त्याहून सोपं म्हणजे वाफ्याबाहेर चारी बाजूंनी आमिष टाकणं. आतल्या मुंग्या अन्नासाठी बाहेर येतातच. कुत्र्याला पसरलेल्या दाण्यांपेक्षा उघड्या राहिलेल्या पाकिटाचा धोका जास्त. मुलाला त्या संध्याकाळी अंगणात सोडू नका.

डंखाबद्दल, कारण घरगुती उपायांचा दुसरा बाजार तिथे भरतो. चुना, खायचा सोडा, अमोनिया, ब्लीच. हे सगळे ‘मुंगीचं विष आम्ल असतं’ या समजावर उभे आहेत. आंबा-काजूवर पानं शिवून घरटं करणारी आपली लाल मुंगी खरोखर फॉर्मिक आम्ल सोडते, तिथे त्या समजाला आधार आहे. फायर अँटच्या विषाचा सुमारे ९५ टक्के भाग पायपेरिडीन गटातली अल्कलॉइडं असतो, तिथे सोड्याने उदासीन करण्यासारखं काही नाही. ब्लीचने फक्त त्वचा भाजते. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर डसणारी उष्णकटिबंधी फायर अँट हिचीच बहीण, तिच्याही डंखाला हेच लागू.

ही मुंगी जबड्याने कातडी पकडते आणि त्याच जागी गोल फिरत पोटाच्या टोकाची नांगी वारंवार खुपसते. पाण्याखाली पाय धरून ती सुटत नाही, हाताने किंवा फडक्याने झटकून-पुसून काढावी लागते. मग साबण-पाणी, थंड पट्टी, खाज सुटली तर अँटिहिस्टामिन किंवा हायड्रोकॉर्टिसोनचं मलम, मुलाचा डोस डॉक्टरांना विचारून. एका दिवसात पांढरी पुटकुळी उठते. तो जंतूंचा पू नव्हे, ती फोडू नका, फोडली की मग खरोखर जंतू शिरतात. विषातला अगदी थोडा प्रथिनांचा अंश ॲलर्जी घडवतो. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, डंखापासून लांब अंगभर गांधी उठणं, चक्कर, उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर लगेच ९११ (अमेरिकेतला आपत्कालीन नंबर). पूर्वी असं झालं असेल तर अशा ॲलर्जीवरचं एपिनेफ्रिनचं इंजेक्शन अंगणात जाताना खिशात हवं.

आणखी एक जागा बघा: एसीचं बाहेरचं युनिट. मुंग्या विजेच्या जोडण्यांत शिरतात, रिले अडकतो आणि ऐन ऑगस्टात एसी बंद पडतो. तिथे पाणी, साबण, भुकटी काही नको. मुख्य स्विच बंद करून मेकॅनिककडून साफ करून घ्या आणि आमिष युनिटच्या भोवती जमिनीवर टाका.

तुमची जागा पाव एकरच आहे आणि मुंगीला कुंपण कळत नाही. शेजारच्या चार-पाच घरांनी एकाच शनिवारी आमिष टाकलं तर मुंग्या परत यायला बराच जास्त वेळ लागतो. एका घराला पाच-सहा औंसच लागत असल्याने मोठं पाकीट मिळून घेतलं तर त्याच दिवशी संपतंही. उरलंच तर तोंड घट्ट बांधून कोरड्या, थंड जागी, पेट्रोल आणि फवाऱ्यांपासून दूर ठेवा, आणि ऑक्टोबरात वापरण्याआधी वारुळाजवळ चिमूटभर टाकून पाहा. अर्ध्या तासात मुंग्यांनी उचललं नाही तर नवीन आणा.